बॅटरी कधी बनली, हे विकत घेण्याआधी कळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुरुवार, 9 जानेवारी 2025. पहाटेचे पावणेसहा वाजले होते. ग्वाल्हेरचं जानेवारीतलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. आमच्या यांचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी पहिल्या पाळीत, सहा वाजता असतं. यांना शालीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली, तर सेल्फने नुसतं टकटक केलं. पुन्हा फिरवली, तशी समोरचे दिवेही मंद होत विझले.

शेजारचा मुलगा स्वेटर चढवून धावत कंपू नावाच्या भागापर्यंत गेला आणि ऑटो घेऊन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा सहा चाळीस झाले होते. दहा वाजता त्याच मशीनवर पुढचा पेशंट असतो, त्यामुळे चार तासांच्या जागी सव्वातीन तासच मिळाले. अंगातलं पाणी पुरतं निघालं नाही. त्या रात्री यांना आडवं होता येईना. पाठीशी तीन उशा लावून हे बसून होते आणि मी समोर खुर्चीत.

बॅटरी जुनी झाली असती तर मी कुणाला बोल लावला नसता. पण ती जेमतेम साडेसात महिन्यांची होती. गाडी आम्ही 2020 च्या ग्वाल्हेर मेळ्यात घेतली, रोड टॅक्समध्ये सूट होती म्हणून. गाडीबरोबर आलेली बॅटरी चार उन्हाळे टिकली. मे 2024 मध्ये ती बसली, तेव्हा नया बाजारातल्या नेहमीच्या दुकानदाराने 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीचे 4,350 रुपये सांगितले. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, तीच कंपनी, तेच मॉडेल ऑनलाइन 3,690 ला आहे, मी मागवतो." आईबापांचे 660 रुपये वाचावेत असं त्याला वाटलं, यात त्याचं काही चुकलं नाही. 22 मे ला खोकं घरी आलं, आमच्या मिस्त्रीने बॅटरी बसवली. वेबसाइटवर '36 महिने वॉरंटी' असं ठळक लिहिलं होतं. त्यातले पहिले 18 महिने बॅटरी फुकट बदलून मिळते आणि पुढचे 18 महिने प्रो-राटा, म्हणजे जितकी वापरली तितकी कमी होत जाणारी सूट, हे खाली बारीक अक्षरात होतं. ते मी जानेवारीत वाचलं.

11 जानेवारीला बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेली. काउंटरवरच्या मुलाने टॉर्च मारून वरचा छोटा गोल डोळा पाहिला आणि म्हणाला, "मैडम, आँख हरी है, बैटरी ठीक है, बस डिस्चार्ज हो गई." चार्जिंगला लावून 14 तारखेला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, परत दिली. चिठ्ठीवर शेरा होता, 'चार्ज करून दिली, दोष नाही'. 16 ला, पुन्हा गुरुवारी पहाटे, पुन्हा टकटक. त्या दिवशी मात्र मी आदल्या रात्रीच ऑटो सांगून ठेवली होती.

या डोळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बऱ्याच जणांचा क्लेम इथेच परत पाठवला जातो. मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे. गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल साधारण 2.1 व्होल्ट देतो. सहा मिळून 12.6. तो हिरवा डोळा म्हणजे एक छोटं हायड्रोमीटर असतं. आम्लाची घनता पुरेशी असली की आतली हिरवी गोळी तरंगते आणि वरून हिरवं दिसतं. पण हा डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. उरलेल्या पाच सेलमध्ये काय चाललंय, हे त्याला दिसूच शकत नाही.

16 ला दुपारी मी शाळेतला मल्टिमीटर घरी आणला. मिस्त्रीकडून बॅटरी रात्रभर चार्ज करून घेतली, चार्जर काढून काही तास तशीच ठेवली आणि मग टर्मिनलला तारा लावल्या. आकडा 10.52 वर थांबला. सकाळी पुन्हा पाहिलं, तरी तेच. बॅटरी नुसती डिस्चार्ज झाली असती तर चार्जिंगनंतर ती 12.6 च्या आसपास चढायला हवी होती. 12.6 मधून 2.1 गेले की 10.5 उरतात. म्हणजे एक अख्खा सेल गेला होता. सेल्फ मारताना व्होल्टेज 6.8 पर्यंत पडत होतं. चांगली बॅटरी त्या वेळी साडेनऊच्या वर राहते. दोष गाडीचा नाही ना, हेही तपासलं. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप देऊन इंजिन चालू केलं, तर अल्टरनेटर 14 व्होल्ट देत होता, म्हणजे चार्जिंग नीट होतं. गाडी बंद असताना होणारी विजेची गळती 28 मिलिअँपिअर होती, तीही ठीकच. सगळे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहिले आणि प्रत्येक वेळी मीटरचा फोटो काढला.

नया बाजारातल्या त्या दुकानदाराकडेही बॅटरी घेऊन गेले. आपण त्याच्याकडून घेतली नाही, याचा संकोच मनात होताच. तो काही बोलला नाही. लोड टेस्टरचे दोन्ही चिमटे लावले, काटा झपकन खाली आला. "एक सेल बैठ गया, दीदी," एवढंच म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत. मग त्याने आपल्या रॅकवरची एक नवी बॅटरी उचलून माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावरचा उत्पादनाचा महिना बोटाने दाखवला. तीन महिन्यांपूर्वीचा होता. "हम छह महीने से पुराना माल रखते ही नहीं. रखना पड़े तो बीच में चार्ज करते हैं."

इथून माझं खरं म्हणणं सुरू होतं.

तोवर मी तिघांशी बोलून झाले होते. वेबसाइटवाले म्हणाले, परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती, आता कंपनीशी बोला. दिल्लीचा विक्रेता फोन उचलत नव्हता. एकदाच उचलला, तेव्हा तोही म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तीन हरकती सांगण्यात आल्या. पावती मुलाच्या नावावर आहे. वॉरंटी कार्डवर अधिकृत डीलरचा शिक्का नाही. आणि शिक्का नसल्यामुळे वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजता येत नाही, ती बॅटरी बनल्याच्या तारखेपासून धरली जाईल. "आणि ही बॅटरी जानेवारी 2023 ची आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

मी तिला ती तारीख दोनदा म्हणायला लावली.

आमच्या आईची सवय होती, कुठलंही खोकं वर्षभर टाकायचं नाही. ती माझ्यातही आली आहे. माळ्यावरून ते खोकं काढलं. कुरिअरचं मोठं पांढरं लेबल एका बाजूला चिकटलेलं होतं. त्याची कड वाफेवर धरली आणि नखाने हळूहळू सोलली. खाली छापलेलं होतं, 01/2023. आमच्या हाती आली तेव्हा ती बॅटरी सोळा महिन्यांची होती. कुठल्यातरी गोदामात एक पूर्ण उन्हाळा आणि दुसऱ्याची सुरुवात तिने काढली होती.

लेड-ॲसिड बॅटरी आम्ल भरून, चार्ज करून कारखान्यातून निघते आणि वापरली नाही तरी आपोआप डिस्चार्ज होत राहते. उकाडा जितका जास्त तितकं हे वेगाने होतं. तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर साचलेलं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग चार्जिंगने ते पुरतं विरघळत नाही. म्हणून चांगला दुकानदार माल अधूनमधून चार्ज करतो आणि जुना माल ठेवतच नाही. बॅटरीच्या बाबतीत उत्पादनाचा महिना कळणं किमतीइतकंच गरजेचं आहे.

कंपनीच्या हिशोबाने मी दोन वर्षं पूर्ण करून प्रो-राटामध्ये गेले होते. सूट 30 टक्के, तीही छापील किमतीवर. छापील किंमत 5,100, सूट 1,530, म्हणजे नवी बॅटरी 3,570 रुपयांना. ऑनलाइन नवी घेतली तर 3,690. साडेसात महिन्यांत बंद पडलेल्या बॅटरीच्या वॉरंटीचं मोल 120 रुपये ठरलं. प्रो-राटाच्या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने हा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा.

मी हे मान्य केलं नाही. 20 जानेवारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. 24 ला वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवला, सोबत आकड्यांचे फोटो, खोक्याचा फोटो आणि लोड टेस्टचा व्हिडिओ जोडला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे असा अधिकारी नेमणं प्रत्येक ऑनलाइन विक्री संस्थेला बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. ईमेलमध्ये मी ही दोन्ही कलमं लिहिली. पावतीवरच्या नावाबद्दलही लिहिलं: ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ग्राहकाच्या व्याख्येत वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणाराही येतो. मुलाने आईवडिलांसाठी घेतलेली बॅटरी वापरणारी मी ग्राहकच आहे. आणि मला दिल्लीला किंवा पुण्याला जावं लागणार नाही, कारण 2019 च्या कायद्याप्रमाणे मी जिथे राहते तिथल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देऊ शकते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो, 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती पोर्टलवर. अर्जाचा मसुदा मी जोडूनच पाठवला.

पोच दुसऱ्या दिवशी आली. नंतर तीन आठवडे फक्त 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे' अशी उत्तरं येत राहिली. या सगळ्या काळात मी दुसरी बॅटरी घेतली नाही. जी बिघडली ती बदलून मिळण्याआधी पुन्हा चार हजार घालायला मन होईना, आणि पुढच्या औषधांचं बिल समोर होतं. डायलिसिसच्या तेरा दिवशी आम्ही ऑटोने गेलो-आलो. येताना यांना थकवा असतो, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात हे डोळे मिटून घेत. त्या खर्चाचा हिशोब मी कुणाकडे मागितलेला नाही.

21 फेब्रुवारीला फोन आला, बॅटरी बदलून मिळेल, काही पैसे द्यायचे नाहीत. मल्टिमीटर पिशवीत घालूनच मी सर्व्हिस सेंटरवर गेले. नवी बॅटरी काउंटरवर आली तशी आधी तारीख पाहिली, 12/2024. मग तारा लावल्या, 12.64. मग सही केली. कार्डवर मूळ खरेदीची 22 मे 2024 हीच तारीख शिक्क्यासह घातली आहे, म्हणजे फुकट बदलीची मुदत नोव्हेंबर 2025 पर्यंतचीच. बदलून मिळालेल्या बॅटरीला उरलेलीच वॉरंटी असते, नवी सुरू होत नाही.

माझं काम झालं. तरीही हे पत्र लिहितेय, कारण शोधाशोध करताना एक नियम वाचला आणि तो मनातून जाईना.

पाकिटबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलं पाहिजे, असं वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 सांगतात. 2017 च्या दुरुस्तीने, 1 जानेवारी 2018 पासून, ऑनलाइन विक्रीलाही हे नियम लागू झाले. वेष्टनावरच्या सक्तीच्या नोंदी वेबसाइटवर दाखवल्याच पाहिजेत. फक्त एक गोष्ट सोडून: उत्पादनाचा किंवा वेष्टनाचा महिना आणि वर्ष. ती दाखवली नाही तरी चालते. वेबसाइटने माझ्यापासून नियम मोडून काही लपवलं नव्हतं. बॅटरी घेताना जे सगळ्यात आधी पाहायचं असतं, नेमकं तेच न दाखवायची मुभा त्यांना नियमानेच दिली आहे.

सूट का ठेवली असेल, हे मी समजू शकते. एकच वस्तू दहा गोदामांत असते, प्रत्येक गोदामातला माल वेगळ्या महिन्याचा असतो, आणि पानावर एकच तारीख लिहिणं अवघड जातं. बिस्किटांच्या बाबतीत हीच अडचण होती. तरीही एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर 2024 मध्ये ऑनलाइन खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना सांगितलं की डिलिव्हरीच्या वेळी मालाची किमान 30 टक्के मुदत किंवा मुदत संपायला 45 दिवस उरलेले असले पाहिजेत. तारीख लिहायची नसेल तर बॅटरीच्या पानावर 'सहा महिन्यांपेक्षा जुनी पाठवणार नाही' एवढं तरी लिहायला लावता येईल. आमच्या नया बाजारातला एकटा दुकानदार जे पाळतो, ते मोठमोठी गोदामं सांभाळणाऱ्यांना जमू नये असं मला वाटत नाही. टायरलाही हेच लागू आहे. त्याच्या कडेवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, पण ते टायर दारात आल्यावरच वाचता येतात.

दुसरी गोष्ट, वॉरंटी. ऑनलाइन विकलेल्या मालाच्या कार्डावर कुणाचाच शिक्का नसतो, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी शिक्का नाही म्हणून मोजणी उत्पादनाच्या तारखेपासून, ही अट लावली जाते. गोदामात पडून राहिलेल्या सोळा महिन्यांचं ओझं घेणाऱ्यावर येतं. वास्तविक त्या सोळा महिन्यांत बॅटरी त्यांच्याच माणसांकडे होती. ऑनलाइन पावतीवर तारीख असते, सीरियल नंबर खोक्यावर असतो. डिलिव्हरीच्या दिवशी वॉरंटीची नोंद आपोआप व्हायला काही अडचण दिसत नाही.

आपल्या वाचकांतले अनेकजण माझ्यासारखेच मुलांपासून लांब राहतात. मुलं पुण्याहून, बंगळूरहून फोनवर काही ना काही मागवून देतात. बॅटरी आली की मिस्त्रीला हात लावू देण्याआधी खोक्यावरची तारीख वाचा, कुरिअरचं लेबल वर चिकटलं असेल तर ते काढून वाचा, आणि जुनी निघाली तर परत करण्याच्या मुदतीतच परत करा. मी दहा दिवसांत हे केलं असतं तर जानेवारीतला तो गुरुवार आमच्यावर आला नसता.

आपल्याला विनंती एवढीच. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाला मी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं आहे, त्याची प्रत सोबत जोडते. एका शिक्षिकेच्या पत्राला उत्तर येईलच असं नाही. आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने विचारलं तर मात्र उत्तर द्यावं लागेल. ऑनलाइन विक्रीत उत्पादनाचा महिना न दाखवण्याची सूट बॅटरी आणि टायरसाठी कशाकरता ठेवली आहे, आणि ती काढण्याचा विचार आहे का, हे दोन प्रश्न त्यांनी विभागाला लेखी विचारावेत आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं छापावं.

आपली,
एक शिक्षिका आणि नियमित वाचक
लष्कर, ग्वाल्हेर
(नाव व पत्ता संपादकांकडे)